हात काढायचा, वजन नाही

९ जानेवारी

चि. खारूताईस,
अ. उ. आ.

तुझा डबा परवा पोचला. तो परत आल्यावर त्यात अर्धी बिस्किटं तशीच राहिलेली दिसतील आणि तू काळजीत पडशील, म्हणून आधीच सांगून टाकतो की बिस्किटं उत्तम होती, दोष खाणाऱ्याच्या रक्तात आहे.

झालं असं की खांदा दुखतो म्हणून मी डॉक्टरीणबाईंकडे गेलो. दिवसभर दुकानादुकानांतले तराजू उचलायचे, उघडायचे, पुन्हा बसवायचे, तर खांदा दुखणारच. एखादं मलम घेऊन यावं एवढाच विचार होता. पण बाई पडल्या नव्या आणि तरुण. त्यांनी खांद्याकडे जेमतेम पाहिलं आणि रक्त काढायला पाठवलं. खांद्याला काही झालेलं नाही, पण कोलेस्टेरॉल असं निघालं की त्यांनी चष्मा काढून पुसला आणि रिपोर्ट पुन्हा वाचला. त्यात म्हणे एक चांगलं असतं आणि एक वाईट. माझं चांगलं बेताचं आणि वाईट भरपूर. तुझी वहिनी म्हणाली, एवढं सांगायला रक्त कशाला काढायला हवं होतं, मला विचारलं असतं तरी चाललं असतं.

मग बाईंनी घरच्यांची चौकशी केली. बाबा बावन्नाव्या वर्षी आपल्या तराजूंच्या वर्कशॉपमध्ये उभ्याउभ्या गेले, काका त्यांच्याही आधी, आणि आई तर आपण लहान असतानाच तापाने गेली, असं सगळं सांगितलं. त्यांनी सगळं लिहून घेतलं. नंतर म्हणाल्या की हे नुसतं खाण्यातून येत नाही, यकृतही ते तयार करतं, आणि आमच्या घराण्यातलं यकृत जरा जास्तच कामसू दिसतंय. तेव्हा रोज एक गोळी, तोंडाला लगाम आणि चालणं. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त. सख्ख्या भावंडांनीही तपासून घ्यावं असं त्यांनी दोनदा बजावलं. तेव्हा तूही रक्त देऊन ये, कुरकुर करू नकोस.

बाकी ठीक. लोण्याची बिस्किटं आता पाठवू नकोस. हे वाक्य लिहायला मला सकाळपासून वेळ लागला.

लोभ आहेच, त्याला मात्र पथ्य नको.

तुझा
दादा


१७ जानेवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

डबा उघडला आणि खरंच काळजीत पडले. पत्र खालच्या बाजूला गेलं होतं, त्यामुळे आधी उरलेली बिस्किटं दिसली. मला वाटलं या वेळी लोणी खवट लागलं की काय. पत्र वाचल्यावर वाटलं, खवट असतं तर बरं झालं असतं.

फोनवर तू हो हो म्हणतोस आणि ठेवून देतोस, म्हणून इथेच लिहिते. मी घाबरले आहे. बाबा गेले तेव्हा मी शाळेतून घरी येत होते आणि तू वर्कशॉपच्या दारात उभा होतास. तुझ्या हातात त्यांचा चष्मा होता. तुला काही सांगावं लागलं नाही. तसा दरवाजा मला पुन्हा बघायचा नाही. तेव्हा त्या बाई जे सांगतील ते मुकाट्याने कर. त्या तरुण आहेत हा काही त्यांचा दोष नाही.

बिस्किटांचं म्हणशील, तर बंद करायला मी तयार नाही. इतकी वर्षं बेकरी चालवते आहे, सख्ख्या भावापुरतं बिनलोण्याचं काही जमू नये म्हणजे लाजच. ओट्सचं पीठ, थोडं तेल, बदाम आणि सफरचंदाचा गर घालून एक घाणा काढला आहे. आमच्या ह्यांनी एक खाल्लं आणि चांगलं आहे म्हणून गाडी काढून माल पोचवायला गेले. नेहमीपेक्षा लवकर गेले, एवढंच नोंदवते.

वहिनीला नमस्कार. बेकरीत इतकं काम पडलंय की मान वर करायला फुरसत नाही.

बिस्किटात लोणी नसलं तरी पत्रात आहे, असं समज.

तुझी
खारूताई


२२ फेब्रुवारी

चि. खारूताईस,
अ. उ. आ.

तुझी बिस्किटं मिळाली. सुतार लोक ज्याला भुसा म्हणतात तो आता मी चहात बुडवून खातो. दुसऱ्या दिवशी थोडी मऊ पडतात आणि तिसऱ्या दिवशी सवय होते. पुढच्या घाण्यात सफरचंदाचा गर वाढव.

माझी प्रगती ऐक. सकाळी ओट्स, दुपारी डाळी आणि भाज्या, रात्री भाज्या आणि डाळी. तळलेलं बंद, चीज बंद, सायीचं तर नावच काढायचं नाही. तुझी वहिनी डोळ्यात तेल घालून पहारा करते, आणि तेल घालायला परवानगी असलेली आता ती एकच जागा उरली आहे. संध्याकाळी नदीकडच्या रस्त्याने तासभर चालतो. वाटेत ओळखीचे दुकानदार भेटतात आणि प्रत्येक जण आपला तराजू हळू चालतो म्हणून अडवतो, त्यामुळे परतायला उशीर होतो.

कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला माझी बातमी कळल्यापासून तो माझा निम्मा डॉक्टर झाला आहे. त्याने लसणाच्या कॅप्सूल दिल्या, माशाच्या तेलाच्या दिल्या आणि आंबवलेल्या लाल तांदळाच्या भुकटीच्याही दिल्या. सगळं नैसर्गिक आहे, डॉक्टरांना सांगायचीही गरज नाही असं तो म्हणतो. गोळीसोबत तेही चालू केलंय. लसणामुळे आता लोक माझ्याशी जरा लांबून बोलतात.

तुझ्या रक्ताचं काय झालं? मागच्या पत्रात त्या प्रश्नाला तू सफाईने बगल दिलीस, ती माझ्या लक्षात आली आहे.

कामाच्या गर्दीत दादाची आठवण राहू दे.

तुझा
दादा


१८ एप्रिल

चि. खारूताईस,
अ. उ. आ.

आनंदाची बातमी. रिपोर्ट आला. वाईटाचा आकडा निम्म्याहून खाली, सगळं जिथे असायला हवं तिथे. मी कागद घेऊन सरळ घरी आलो. बाईंची वेळ पुढच्या महिन्याची आहे, पण त्यांनी वेगळं काय सांगायचं, आकडा मलाही वाचता येतो. जन्मभर तेच केलं.

तेव्हा गोळी बंद केली. वर्कशॉपमधला बाबांचा नियम तुला आठवत असेलच, काटा जुळला की हात काढून घ्यायचा, जुळलेल्या काट्याशी खेळायचं नाही. जे बिघडलं होतं ते दुरुस्त झालं. कॅप्सूल आणि चालणं चालू ठेवीन, निगा म्हणून. तुझी वहिनी जरा कुरकुरते आहे, पण तिला तराजूतलं काय कळतं.

मनावरचं ओझं उतरलं, खारूताई. तुला सांगितलं नव्हतं, पण हे तीन महिने मी झोपताना रोज छातीवर हात ठेवून बघत होतो. आता तो उशीखाली ठेवून झोपतो.

एखाददुसरं लोण्याचं बिस्किट चालेल असं वाटतं. डबा रिकामा पाठवतो आहे, यावरून काय ते समज.

तुझ्या आनंदात माझाही वाटा असू दे.

तुझा
दादा


२५ एप्रिल

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून मी भट्टीसमोरच बसून रडले. कामावरच्या मुलींना वाटलं हात भाजला. त्यांना कारण सांगितलं तर त्याही रडल्या, आणि एक ट्रे करपला.

डबा गच्च भरला आहे. वरचा थर ओट्सचा, वहिनीला दाखवायला. खाली लोण्याची, पूर्वीसारखी. पण जपून खा, एका बैठकीत फडशा पाडू नकोस.

आज मला खूप बरं वाटतंय. ते बरं वाटणं असंच राहू दे.

तुझी
खारूताई


६ मे

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

तुमच्या दादांच्या माघारी मी कधी पत्र लिहिलं नाही, पण आज इलाज नाही. डब्याचा खालचा थर मला सापडला. त्याबद्दल राग नाही, तुम्ही आनंदाने पाठवला हे मला कळतं. पण आनंद करण्यासारखं काही झालेलं नाही.

काल मी यांना ओढून डॉक्टरीणबाईंकडे नेलं. हे ऐटीत सांगू लागले की दुरुस्ती झाली, गोळी बंद केली. बाईंनी शांतपणे पुन्हा रक्त घ्यायला लावलं. संध्याकाळी आकडा आला. तो परत चढायला लागला आहे. बाई म्हणाल्या की आकडा खाली आला तो गोळी काम करत होती म्हणून. पथ्याने आणि चालण्याने मदत होते, ती सोडायची नाही, पण यांच्यासारख्या घराण्यात तेवढ्याने भागत नाही. मी सोबत कॅप्सूलच्या बाटल्या नेल्या होत्या. लाल भुकटीची बाटली बघून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्यात म्हणे गोळीसारखंच द्रव्य असतं, पण कुठल्या बाटलीत किती ते कुणालाच माहीत नसतं, आणि गोळीबरोबर घेतलं तर स्नायूंना आणि यकृताला त्रास होऊ शकतो. लसूण आणि माशाच्या तेलाने हा आकडा खाली येत नाही, असंही त्या म्हणाल्या.

एवढं होऊन हे घरी आले आणि म्हणाले की महिनाभर थांबून बघू, जुळलेला काटा एखाद्या वेळी हलतो आणि परत जागेवर येतो. गोळ्यांची पाकिटं कपाटात तशीच पडून आहेत. मी बोलले की म्हणतात, तुला तराजूतलं कळत नाही. बरोबर आहे, मला नाही कळत. पण तुम्हाला कळतं. तुम्ही त्या वर्कशॉपमध्ये वाढलात. यांना जे ऐकू जाईल अशा भाषेत तुम्हीच लिहा. मला यांच्याबरोबर म्हातारं व्हायचं आहे, वन्सं. एवढीच माझी मागणी आहे.

माया आहेच, आज जरा धाकही दाखवा.

तुमची
वहिनी


१० मे

ती. दादास,
शि. सा. न.

वहिनीवर चिडू नकोस. लोण्याची बिस्किटं पाठवणारी मी, तेव्हा आधी मला बोल.

तुला आठवतं, सुट्टीत बाबा आपल्याला वर्कशॉपमध्ये घेऊन जायचे? दोन पारड्यांचा मोठा तराजू असायचा. तू काट्यासमोर उभा राहायचास, कारण तू मोठा. मी स्टुलावर बसून वजनं ठेवायची, कारण मला दुसरं काही येत नव्हतं. एका बाजूला वाळूची पिशवी, दुसऱ्या बाजूला माझी वजनं. काटा मधोमध आला की तू ओरडायचास आणि बाबा म्हणायचे, हात काढा. एकदा मी हुशारी केली. काटा जुळला म्हणजे काम झालं असं समजून अर्ध्या किलोचं पितळी वजन उचलून खिशात घातलं. वाळूचं पारडं धाडकन खाली आलं आणि तुझ्या पायाच्या अंगठ्यावर बसलं. नख काळं पडलं होतं. तू आठवडाभर लंगडत होतास आणि मला वेंधळी म्हणत होतास.

दादा, बाबा हात काढायला सांगायचे. वजन काढायला नाही.

गोळी म्हणजे दुरुस्ती करणारा हात नाही रे. ते दुसऱ्या पारड्यातलं वजन आहे. आपल्या पारड्यात बाबांनी जे ठेवून दिलंय ते कुठेही गेलेलं नाही, ते तिथेच बसलंय. काटा मधे दिसतो तो समोर वजन आहे म्हणून. आणि त्या लाल भुकटीचं म्हणशील तर, सरकारी छाप नसलेलं वजन एखाद्या दुकानात सापडलं की तू काय करतोस ते मी पाहिलं आहे. दुकानदाराला फैलावर घेतोस. तेच तू स्वतःच्या पोटात घालत होतास.

या वेळी वेंधळेपणा तू केलास. आता अंगठ्यावर भागणार नाही. गोळी घे. आजच घे, हे पत्र हातात असतानाच घे.

रागावलास तरी चालेल, पण राहा.

तुझी
खारूताई


१९ मे

चि. खारूताईस,
अ. उ. आ.

घेतली. पत्र हातात असतानाच घेतली, वहिनी साक्षीला उभी होती. पाणी तिनेच आणलं आणि नंतर आत जाऊन बराच वेळ भांडी घासत बसली. भांडी सगळी घासलेलीच होती.

तुझ्यावर रागावायला काल दिवसभर जागा शोधली, सापडली नाही. साठ वर्षांचा माणूस, तराजूवर पोट भरलं, आणि पारड्यातलं वजन उचलून काटा जागेवर राहील असं समजलो. वर्कशॉपमध्ये कुणाला सांगू नकोस. बाईंकडे जाऊन सगळ्या बाटल्या त्यांच्या टेबलावर ठेवल्या. त्यांनी त्या बंद करायला सांगितल्या. ओट्स, डाळी आणि चालणं मात्र चालूच. गोळीने कधी पाय वगैरे दुखले तर परस्पर बंद न करता मला सांगा, दुसरा मार्ग असतो, असं म्हणाल्या. मी त्यांना वजनाचं सांगितलं. त्यांना ते इतकं आवडलं की पुढच्या पेशंटला सांगणार आहेत. तुझं नाव सांगितलं नाही, माझंच म्हणून खपवलं.

किराणावाल्याच्या दुकानात गेलो होतो. त्याला काही बोललो नाही. त्याचा तराजू तेवढा तपासला. गिऱ्हाइकाला पंधरा ग्रॅम कमी देत होता, तो बरोबर केला.

आता तुझ्याकडे वळतो. माझ्या पारड्यात बाबांनी जे ठेवलंय ते तुझ्याही पारड्यात असणार. मी जानेवारीत सांगितलं, फेब्रुवारीत विचारलं. आता मे संपत आला. रक्त दिलंस का?

लोभ असू दे, मुद्द्याला मात्र बगल देऊ नकोस.

तुझा
दादा


४ जून

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तू गोळी घेतलीस, मी सुटले. नवा घाणा पाठवते आहे, सफरचंदाबरोबर थोडी दालचिनी घातली आहे. ह्यांनी आपणहून दुसरं मागितलं.

तपासणीचं बघते. सध्या लग्नाच्या केकच्या ऑर्डरी आहेत, पुढे शाळा सुरू होतील, मग बघू. मला काही होत नाही. दिवसभर उभी असते, तेवढा व्यायाम पुरे.

काम आटपलं की सविस्तर लिहीन.

तुझी
खारूताई


३० जून

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

डबा जड लागला तेव्हाच शंका आली होती. उघडला, तर आत पत्र नाही, काही नाही. फडक्यात गुंडाळलेलं ते अर्ध्या किलोचं पितळी वजन. मी लहानपणी खिशात घातलं होतं तेच. तू ते अजून जपून ठेवलं असशील असं मला वाटलं नव्हतं.

कामावरच्या मुली विचारायला लागल्या की ह्याने काय मोजायचं. वजन ओट्यावर ठेवलं आणि लोणी मळायला घेतलं. थोड्या वेळाने हात धुतले, ॲप्रन काढला आणि रक्त द्यायला गेले. केक ह्यांनी पोचवले.

मी का जात नव्हते ते सांगते. कामाचं निमित्त होतं. आकडा चढलेला निघाला तर लोण्याला हात लावायचा नाही असं सांगतील, आणि चव न घेणारी बेकरीवाली म्हणजे काय उरतं, हे माझ्या मनात होतं. आणि त्याच्या खाली आणखी एक भीती होती. तुला एकट्याला होतं तोवर ती तुझी गोष्ट होती. मला निघालं की ती बाबांची गोष्ट होईल.

तर निघालं. दादा, माझा आकडा तुझ्यापेक्षा वर आहे. जन्मभर उंचीत, मार्कांत, पतंगात तू पुढे, इथे मात्र मी तुला मागे टाकलं. रिपोर्ट बघून मी आधी हसले, मग घरी येऊन ह्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून खूप रडले. इथले डॉक्टर म्हातारे आहेत, तुला आवडले असते. त्यांनीही तीच गोळी दिली, आणि चमच्याच्या टोकावर चव घ्यायला हरकत नाही म्हणाले, मात्र ट्रे संपवायचा नाही. नंतर विचारलं, वेळेवर कशा आलात. मी म्हटलं, भावाने वजन पाठवलं. त्यांना काही कळलं नाही. कळायची गरजही नव्हती.

वजन परत पाठवत नाही. ते माझ्याकडे राहू दे. गोळीचं पाकीट मी त्याच्याखाली ठेवते.

तुझी
खारूताई


१२ जुलै

चि. खारूताईस,
अ. उ. आ.

पत्र वाचलं, मग वहिनीला वाचून दाखवलं, मग एकटा वर्कशॉपमध्ये जाऊन पुन्हा वाचलं. तू जिंकलीस हे मान्य. यापुढे मात्र कोण खाली जातं अशी शर्यत लावू. तीत मी पुढे आहे.

दालचिनीची बिस्किटं फार चांगली झाली आहेत. हे मी पथ्यावरचा माणूस म्हणून नाही, खाणारा म्हणून सांगतो. डॉक्टरीणबाईंना दोन नेऊन दिली, तर त्यांनी तुझ्या बेकरीचा पत्ता मागितला. वहिनी म्हणते, भुसा म्हणणाऱ्याने आता तुझी माफी मागावी. मागतो.

काल रात्री गोळी घेतली आणि मनात आलं की तिकडे तूही आत्ता घेत असशील. लहानपणी बाबा आपल्याला एकाच वेळी दूध प्यायला बसवायचे आणि तू माझ्या कपात अर्धं ओतायचीस. गोळी मात्र ज्याची त्याने घ्यायची, एवढं लक्षात ठेव.

वहिनी म्हणते की तिला माझ्याबरोबर म्हातारं व्हायचं आहे. तुला तिने तसं लिहिलं होतं म्हणे, मला काल सांगितलं. मी विचार करत बसलो. बाबा बावन्नला गेले, काका त्याआधी. म्हातारं कसं व्हायचं ते आपल्या घरात कुणी करून दाखवलेलं नाही, खारूताई. कुठे कुरकुरायचं, कुठे गप्प बसायचं, काठी कधी हातात घ्यायची, काही माहीत नाही. आपणच पहिले. चुकतमाकत जाऊ.

तू वजनांकडे बघ, मी काट्याकडे बघतो.

तुझा
दादा